वाचकांचे प्रश्न : पॅरामटाच्या भिंतीआडच्या आयरिश स्त्रिया

सिडनीजवळच्या वेंटवर्थव्हिल येथील एका वाचक भगिनीचे पत्र आम्ही गेल्या अंकात थोडक्यात छापले होते. मुलीच्या शाळेची सहल पॅरामटाच्या ‘फिमेल फॅक्टरी’ला, म्हणजे ब्रिटिश काळात हद्दपारीची शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियाला आलेल्या स्त्रियांना जिथे ठेवत त्या जुन्या इमारतीला, जाऊन आली आणि घरी आल्यावर तिने जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरे आपल्याला देता आली नाहीत, असे त्यांनी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे निवडून, मूळ पत्रासह, या महिन्याचे सगळे सदर आम्ही या एकाच विषयाला देत आहोत.

प्रश्न : या जागेला फॅक्टरी म्हणतात, पण दाखवतात तुरुंगासारखी. हा नेमका कारखाना होता की तुरुंग? आणि तिथे आयरिश बायका एवढ्या संख्येने कशा पोहोचल्या?
— एक वाचक, वेंटवर्थव्हिल, ऑस्ट्रेलिया

ती जागा एकाच वेळी कारखाना, तुरुंग, प्रसूतिगृह आणि मोलकरणी पुरवणारे सरकारी ठाणे होती, आणि तिचे खरे स्वरूप या चारही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय कळत नाही. ‘फॅक्टरी’ हे नाव पडले ते तिथे लोकर आणि जवसाच्या (फ्लॅक्स) तंतूंचे सूत काढून जाडेभरडे कापड विणले जाई म्हणून. गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी यांनी १८१८ मध्ये इमारतीची कोनशिला बसवली आणि १८२१ मध्ये बायकांना तिथे हलवण्यात आले. इमारतीचा आराखडा करणारे फ्रान्सिस ग्रीनवे हे स्वतः बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्यात हद्दपारीची शिक्षा होऊन आलेले कैदी होते.

जहाजातून उतरलेल्या ज्या स्त्रीला लगेच कोणी वसाहतवाला घरकामासाठी नेत नसे, तिची रवानगी इथे होई. मालकाकडून परत पाठवलेली, आजारी पडलेली, गरोदर राहिलेली आणि पुन्हा गुन्हा केलेली स्त्रीही इथेच येई. बायकांचे तीन वर्ग पाडलेले होते. पहिल्या वर्गातल्या स्त्रीला बाहेर नोकरीवर जाता येई आणि लग्नाची परवानगी मागता येई, तर तिसऱ्या, म्हणजे गुन्हेगार वर्गातल्या स्त्रीचे केस कापले जात. बायको हवी असलेला वसाहतीतला पुरुष अर्ज करून इथे येई, समोर उभ्या केलेल्या स्त्रियांतून एकीची निवड करी, आणि तिने होकार दिला व गव्हर्नरची मंजुरी मिळाली की तिची तिथून सुटका होई. हे वाचताना अंगावर काटा येतो खरा. मात्र त्या स्त्रीच्या बाजूने पाहिले तर भिंतीबाहेर पडण्याचे तिच्या हाती असलेले मार्ग मोजके होते आणि लग्न हा त्यांतला एक होता, हेही लक्षात ठेवावे लागते.

१७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटिश सरकारने सुमारे १,६२,००० माणसे शिक्षा म्हणून ऑस्ट्रेलियाला पाठवली. त्यांत स्त्रिया सुमारे २५,००० होत्या, म्हणजे सहा-सातांत एक. त्यांपैकी सुमारे ९,००० स्त्रिया थेट आयर्लंडच्या बंदरांतून निघाल्या. शिवाय पोटासाठी लिव्हरपूल-लंडनला गेलेल्या आणि तिथल्या न्यायालयांत शिक्षा झालेल्या आयरिश स्त्रियांची गणना इंग्लंडच्या खात्यात झाली, ती वेगळीच. आयर्लंडहून थेट निघालेले कैद्यांचे पहिले जहाज ‘क्वीन’. ते १७९१ च्या एप्रिलमध्ये कॉर्कहून सुटले आणि सप्टेंबरअखेर सिडनीला लागले. त्यावर पुरुषांबरोबर काही बायकाही होत्या. पुढे बायकांची जहाजे स्वतंत्र निघू लागली. १८४० मध्ये न्यू साउथ वेल्सने कैदी घेणे थांबवल्यावर हा ओघ व्हॅन डीमन्स लँडकडे, म्हणजे आजच्या टास्मानियाकडे वळला आणि १८५३ मध्ये थांबला.

एक प्रसंग मुलीला जरूर सांगावा. २७ ऑक्टोबर १८२७ रोजी या फॅक्टरीतल्या बायकांनी पाव आणि साखर कमी केल्याच्या रागाने दरवाजा फोडला, त्या पॅरामटाच्या रस्त्यांवर आल्या आणि दुकानांतला पाव व मांस घेऊन निघाल्या. त्यांना आवरायला सैनिक बोलवावे लागले. आपल्या शिध्यासाठी बायकांनी एकजुटीने केलेला ऑस्ट्रेलियातला हा पहिला उठाव, असे तिथे आज मानले जाते. ज्या बायकांबद्दल सरकारी कागद ‘उर्मट’ एवढेच लिहून पुढे जातात, त्यांच्या उर्मटपणाचे कारण पुष्कळदा इतके साधे, पोटातल्या भुकेचे होते.

प्रश्न : या स्त्रियांचे गुन्हे काय होते? आमच्या वाचनात ‘एक पाव चोरला म्हणून हद्दपार’ अशी वाक्ये येतात. ती खरी मानावीत का?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

शब्दशः मानू नयेत, आणि तसे मानण्याची गरजही नाही. या स्त्रियांविषयी दोन सोपी चित्रे फार वर्षे चालत आली आहेत. हद्दपारीच्या पद्धतीची चौकशी करणाऱ्या ब्रिटिश संसदेच्या १८३७-३८ च्या मोल्सवर्थ समितीपुढे या बायका मुळातच बिघडलेल्या होत्या असे चित्र उभे राहिले आणि ते पुढच्या कित्येक पिढ्यांनी खरे मानले. दुसरे चित्र पावाच्या तुकड्यासाठी देशोधडीला लागलेल्या निष्पाप मुलीचे. नोंदी प्रत्यक्ष पाहिल्या तर बहुतेक जणी चोरीच्या गुन्ह्यात सापडलेल्या दिसतात. वाळत घातलेले कपडे, मालकिणीची शाल, थोडे पैसे, आणि ग्रामीण आयर्लंडमध्ये मेंढी, गाय, कोंबड्या. शिक्षा बहुधा सात वर्षांची. काहींना दहा, चौदा किंवा जन्मठेप. आधी एखाददुसरी शिक्षा भोगलेल्या स्त्रियाही त्यांत बऱ्याच आहेत. मात्र ती आधीची शिक्षा कशासाठी होती हे पाहू लागले, तर पुन्हा तेच कपडे, तेच धान्य आणि तीच भूक समोर येते.

शिक्षेच्या वर्षांचा आकडाही तसा फसवा आहे. सात वर्षे संपली तरी परतीचे भाडे सरकार देत नसे. सुटलेला पुरुष एखाद्या जहाजावर खलाशाचे काम पत्करून मायदेश गाठू शके. बाईला जहाजावर असे काम मिळत नसे. त्यामुळे कागदावर सात वर्षे लिहिलेली शिक्षा तिच्यासाठी व्यवहारात आजन्म हद्दपारीच होती, आणि निघताना हे तिला आणि तिच्या माणसांना पुरते ठाऊक असे.

१८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि आयर्लंडचे सगळे चित्र बदलले. जमीन खंडाने कसणारी कुळे आणि शेतमजूर यांच्या पोटात वर्षभर बटाट्याखेरीज फारसे काही जात नसे. पीक कुजले, खंड थकला, जमीनदारांनी कुळांच्या झोपड्या पाडल्या, आणि १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे भूक व साथींनी मेली. या वर्षांत आयरिश स्त्रियांच्या नोंदींत एक गुन्हा अचानक वाढलेला दिसतो, तो म्हणजे आग लावणे. एखादी स्त्री, कधी दोघी-तिघी मिळून, गवताच्या गंजीला किंवा गोठ्याला आग लावत आणि पळून न जाता स्वतःच जाऊन सांगत की हे आम्ही केले. पुष्कळ जणींनी हद्दपारी मिळावी म्हणूनच हे केल्याचे उघड सांगितले. तुरुंगात दोन वेळचे अन्न होते, जहाजावर शिधा होता, आणि समुद्रापलीकडे निदान काम होते. नवरा आधीच हद्दपार झाला आहे, तेव्हा आपणही त्याच वाटेने जावे, या आशेने गुन्हा केलेल्या स्त्रियाही होत्या.

गुरुजी, या जागी मी दर वेळी थांबतो. शिक्षा ही भीती दाखवण्यासाठी असते असे गृहीत धरून सगळा कायदा उभा असतो. ज्या राज्यात उपाशी बाई न्यायाधीशासमोर उभी राहून तीच शिक्षा मागून घेते, त्या राज्याबद्दल तिच्या त्या एका मागणीत जितके कळते तितके समित्यांच्या अहवालांतून कळत नाही.

सगळेच गुन्हे मात्र असे नव्हते, हेही लिहिले पाहिजे. विकलो परगण्यातली एलायझा डेव्हिस हिला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली गेली आणि नंतर ती शिक्षा बदलून जन्मठेपेची हद्दपारी झाली. ज्या समाजात अविवाहित मोलकरणीला मूल झाले की नोकरी आणि आसरा दोन्ही जात, त्या समाजाच्या संदर्भाशिवाय हा गुन्हा वाचता येत नाही. पण म्हणून तो झाकून ठेवणे हा त्या स्त्रीचा सन्मान नव्हे, असे मला वाटते.

या काळातल्या आणखी एका गोष्टीत नेहमी गल्लत होते. १८४८ ते १८५० या काळात आयर्लंडच्या वर्कहाउसांतून, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात अन्न-आसरा देणाऱ्या आश्रयगृहांतून, चार हजारांहून अधिक अनाथ मुली ऑस्ट्रेलियाला पाठवण्यात आल्या. ती ब्रिटनचे वसाहतमंत्री अर्ल ग्रे यांची स्थलांतराची योजना होती. त्या मुली कैदी नव्हत्या. सिडनीच्या हाइड पार्क बरॅक्सच्या आवारात दुष्काळाचे जे स्मारक आहे ते त्यांची आठवण ठेवते. कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्याने हे दोन ओघ वेगळे ठेवावेत.

प्रश्न : समुद्रप्रवास कसा होत असे? आपल्याकडच्या ‘काळ्या पाण्या’शी याची तुलना करता येईल का?
— एक वाचक, रत्नागिरी

शिडाच्या जहाजाला आयर्लंडहून टास्मानियाला पोहोचायला साधारण तीन ते चार महिने लागत. १८१५ पासून प्रत्येक कैदी-जहाजावर नौदलाचा एक डॉक्टर देखरेखीला असे आणि त्याने लिहिलेली रोजनिशी सरकारजमा होई. त्यामुळे सुरुवातीच्या काळातला मृत्यूंचा भयानक आकडा पुढे बराच खाली आला. ‘टास्मानिया’ नावाच्याच एका जहाजाचे उदाहरण घ्या. २ सप्टेंबर १८४५ रोजी ते डब्लिनजवळच्या किंग्जटाउन बंदरातून निघाले, त्यावर १३८ कैदी स्त्रिया आणि त्यांची ३५ मुले होती, आणि ३ डिसेंबरला ते होबार्टला पोहोचले. वर उल्लेख केलेली एलायझा डेव्हिस याच जहाजावर होती. बाकीची मुले मागे राहिली, ती नातलगांकडे, वर्कहाउसात किंवा रस्त्यावर. आईबरोबर कोणाला नेता येईल हे अधिकारी ठरवत आणि थोरल्या मुलांना सहसा नकार मिळे.

सगळी जहाजे पोहोचली नाहीत. ‘नेव्हा’ हे जहाज जानेवारी १८३५ मध्ये कॉर्कहून निघाले. त्यावर दीडशे कैदी स्त्रिया, काही मुक्त स्त्रिया आणि बरीच मुले होती. १३ मे रोजी, म्हणजे प्रवास संपत आला असताना, बास सामुद्रधुनीतल्या किंग बेटाजवळच्या खडकांवर ते फुटले. सव्वादोनशेच्या आसपास माणसे बुडाली. अखेर वाचले ते पंधरा जण, त्यांत कैदी स्त्रिया सहा. कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला खडकावर आदळणाऱ्या गलबताचे वेगळे वर्णन करून सांगायला नको.

काळ्या पाण्याशी तुलना करता येते, कारण दोन्हींच्या मागे एकच साम्राज्य आणि एकच कायद्याचा साचा होता. अंदमानची वसाहत १८५८ मध्ये सुरू झाली, तेव्हा ब्रिटिशांच्या गाठीशी ऑस्ट्रेलियाचा सत्तर वर्षांचा अनुभव होता. अंदमानातही हिंदुस्थानी स्त्री-कैदी नेल्या गेल्या, ठरावीक वर्षांनी त्यांना परवानगी घेऊन पुरुष कैद्यांशी लग्न करता येई, आणि त्यांच्या वंशजांना पोर्ट ब्लेअरमध्ये आजही ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. आपण अंदमान म्हटले की राजबंद्यांच्या कोठड्या आठवतो आणि ते योग्यच आहे. पण तिथल्या स्त्री-कैद्यांविषयी मराठीत किती थोडे लिहिले गेले आहे, हे या पत्राच्या निमित्ताने माझ्या लक्षात आले आणि मनाला लागले.

प्रश्न : मी डब्लिनमध्ये ग्रेंजगॉर्मन येथील विद्यापीठात शिकतो. आमच्या आवाराच्या जागी पूर्वी बायकांचा तुरुंग होता असे कळले. आयर्लंडमध्ये या स्त्रियांच्या नोंदी कुठे आहेत? इथे त्यांची आठवण कोणी ठेवते का?
— एक विद्यार्थी, डब्लिन

आपण शिकता ती जागा या विषयाच्या अगदी मध्यावर आहे. १८३६ पासून ग्रेंजगॉर्मनचे कारागृह केवळ स्त्रियांसाठी होते. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये असे ते पहिलेच. हद्दपारीची शिक्षा झालेल्या बायकांना वेगवेगळ्या परगण्यांच्या तुरुंगांतून इथे आणून काही महिने शिवण, धुणे, घरकाम आणि जुजबी लिहिणे-वाचणे शिकवले जाई, म्हणजे वसाहतीतल्या घरांत त्या मोलकरणी म्हणून चालतील. त्यांतल्या काही जणींना इंग्रजी धड येत नसे. त्यांची भाषा आयरिश होती. पश्चिमेकडच्या एखाद्या खेड्यातली मुलगी आधी या भिंतींच्या आत इंग्रजी हुकूम समजायला शिकली आणि मग जहाजावर चढली.

नोंदींचे म्हणाल तर १९२२ मध्ये यादवीच्या काळात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील सरकारी दफ्तरखाना जळाला आणि त्यात हद्दपारीच्या १८३६ पूर्वीच्या नोंदवह्या गेल्या. त्यानंतरच्या वह्या आणि त्याहून मोलाचे असे दयेचे अर्ज मात्र वाचले, कारण ते डब्लिन कॅसलमध्ये ठेवलेले होते. आज ते आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आपल्याला वेळ मिळेल तेव्हा हे अर्ज अवश्य पाहावेत. लॉर्ड लेफ्टनंटला, म्हणजे आयर्लंडमधल्या ब्रिटिश राजप्रतिनिधीला, उद्देशून लिहिलेले, बहुधा गावातल्या कोणा लिहित्या माणसाकडून लिहवून घेतलेले आणि खाली अर्जदाराने फुली मारलेले ते कागद आहेत. म्हातारी आई मुलीची शिक्षा कमी करा म्हणते. नवरा म्हणतो, बायको गेली तर लेकरांना कोण पाहील. आणि कुठे एखादी स्त्री विनवते की नवऱ्याला पाठवणारच असाल तर मला आणि मुलांनाही त्याच्यामागे पाठवा. अर्जाच्या पाठीवर अधिकाऱ्याचा शेरा असतो, आणि बहुतेक वेळा तो ‘कायद्याप्रमाणे होऊ द्या’ या अर्थाचा असतो.

१९८८ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या युरोपीय वसाहतीला दोनशे वर्षे झाली तेव्हा, आयर्लंडच्या सरकारने या कागदांच्या सूक्ष्मचित्रफिती ऑस्ट्रेलियाला भेट म्हणून दिल्या. एखाद्या देशाने दुसऱ्या देशाला दिलेल्या भेटींत इतकी समजूतदार भेट माझ्या माहितीत दुसरी नाही. तिकडच्या लाखो कुटुंबांना आपली पणजी किंवा खापरपणजी कोणत्या परगण्यातून आली हे त्यामुळे प्रथमच शोधता आले.

आठवणीचे विचाराल तर आयर्लंडने तिकडे गेलेल्या पुरुष बंडखोरांची गाणी गायली, त्यांचे पुतळे उभारले. मेंढी चोरणाऱ्या बाईचे गाणे कोणी फारसे रचले नाही. अलीकडे हे बदलते आहे. डब्लिनच्या कस्टम हाउस धक्क्यावर दुष्काळग्रस्तांचे जे कृश कांस्यपुतळे आपण पाहिले असतील, ते घडवणारे शिल्पकार रोवन गिलेस्पी यांनीच होबार्टच्या धक्क्यावर, या स्त्रिया जिथे उतरल्या त्या जागी, कैदी स्त्रिया आणि मुलाचे पुतळे उभे केले. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांचे अनावरण करायला आयर्लंडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स स्वतः होबार्टला गेले होते.

प्रश्न : ज्या गोष्टीची घराण्याला लाज वाटायला हवी ती आज लोक अभिमानाने सांगतात, हे कसे घडले? या अभिमानात काही खरे आहे का?
— एक वाचक, नाशिक

आधी लाजेचे सांगतो, कारण ती फार खोल होती. १ जानेवारी १८५६ पासून व्हॅन डीमन्स लँडचे नाव अधिकृतपणे टास्मानिया झाले, ते मुख्यतः जुन्या नावाला चिकटलेला कैद्यांचा बट्टा पुसण्यासाठी. बेटाने नाव बदलले तसे माणसांनीही बदलले. विवाहाच्या नोंदीत जहाजाचे नाव टाळले गेले, आजीविषयी विचारले तर ‘ती आपणहून आली’ असे सांगितले गेले, मुलांना काहीच सांगितले गेले नाही. याला तिकडे ‘कैद्यांचा डाग’ म्हणत. पुरुष पूर्वजाचा डाग निदान बंडखोरीच्या किंवा शिकारचोरीच्या कथेत गुंडाळून ठेवता येई, पण स्त्री-कैदी म्हणजे वाईट चालीची असे समीकरण ठरून गेलेले असल्यामुळे आजी-पणजीचे नावच घराण्यातून पुसले जाई. कित्येक घरांत त्या स्त्रीने मुले वाढवली, शेत उभे केले, आणि तिसऱ्या पिढीला तिचे माहेरचे आडनावसुद्धा माहीत उरले नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १९८८ च्या सुमारास, लोक स्वतःहून दफ्तरखान्यांत जाऊ लागले. तिथे त्यांना जे मिळाले ते पाहण्यासारखे आहे. टास्मानियाच्या सरकारने प्रत्येक कैद्याच्या जितक्या बारीक नोंदी ठेवल्या तितक्या त्या काळातल्या साध्या माणसांच्या क्वचितच कुठे सापडतात. २००७ मध्ये युनेस्कोने ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांच्या नोंदींना जागतिक स्मृतींच्या यादीत स्थान दिले, ते याच कारणाने. एका स्त्रीचे पान डोळ्यांसमोर आणा. उंची फूट आणि इंचांत. वय. वर्ण, केस, कपाळ, भुवया, डोळे, नाक, तोंड, हनुवटी, प्रत्येकाचा वेगळा रकाना. कोणते काम येते, तर गाई दोहते, भाकरी भाजते, धुणे येते. वाचता येते का. धर्म. मूळ गाव, आणि त्यापुढे मागे राहिलेल्या आई-बाप-भावंडांची नावे. मग तिने होबार्टला उतरताना स्वतःच्या तोंडाने सांगितलेला गुन्हा, एका ओळीत. आणि त्याखाली पुढच्या वर्षांचे शेरे : परवानगीवाचून बाहेर, मालकिणीला उलट उत्तर, दारू प्यालेली, इतके दिवस पाव-पाण्यावर एकांत कोठडी, इतके महिने धुण्याच्या टपावर सक्तमजुरी.

हे पान शिक्षा देणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी लिहिले. पळाली तर ओळखता यावी म्हणून नाकाचे वर्णन आहे; कामाला लावता यावी म्हणून दूध काढण्याचे कौशल्य आहे. वंशज तेच पान उलट्या बाजूने वाचतात. त्यांना त्या नाकात आपल्या आत्याचे नाक दिसते, भावंडांच्या नावांत आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फिरत आलेली नावे सापडतात, आणि ‘उलट उत्तर’ या शेऱ्यात एक जिवंत बाई भेटते. मला विचाराल तर वारसा आहे तो इथे. अभिमान गुन्ह्याचा नाही. ज्या माणसाला घराण्याने नाव न घेता गाडून टाकले होते ते माणूस पुन्हा घरात आणल्याचा आहे, आणि म्हणून तो मला खरा वाटतो.

टास्मानियाच्या कलावती क्रिस्टिना हेन्री यांनी हेच काम सुईदोऱ्याने केले. ऑस्ट्रेलियाला आणलेल्या कैदी स्त्रियांची संख्या त्यांनी २५,५६६ धरली आणि प्रत्येकीमागे एक पांढरी बॉनेट, म्हणजे मोलकरणी डोक्याला बांधत तसली कुंचीच्या घाटाची टोपी, शिवण्याचे आवाहन केले. ऑस्ट्रेलियातल्या, आयर्लंडमधल्या आणि इतर देशांतल्या हजारो लोकांनी त्या शिवल्या. टोपीवर त्या स्त्रीचे नाव, तिच्या जहाजाचे नाव आणि ते पोहोचले ते साल भरतकामाने घातलेले असते. होबार्टच्या कॅस्केड्स फिमेल फॅक्टरीत गुन्हेगार वर्गातल्या स्त्रीच्या कपड्यांवर पिवळे ‘सी’ अक्षर शिवलेले असे. त्या अक्षराच्या जागी आता नाव शिवले जात आहे.

पण कॅस्केड्सचे नाव निघाले की मुलांचे दुःखही लिहावे लागते. डोंगराखालच्या दमट दरीत, जिथे हिवाळ्यात ऊन जेमतेम पोहोचते, अशा एका जुन्या दारूभट्टीच्या जागेत ही फॅक्टरी १८२८ मध्ये सुरू झाली. नोकरीच्या घरात गरोदर राहिलेली स्त्री इथे परत पाठवली जाई आणि बाळाचे दूध तोडले की तिला गुन्हेगार वर्गात सहा महिने शिक्षा भोगावी लागे. बाळाच्या बापाला कोणी विचारत नसे. पाळणाघरात मुले इतकी दगावत की १८३८ मध्ये त्याचा जाहीर बोभाटा होऊन ते दुसरीकडे हलवावे लागले. जी जगली ती दोन-तीन वर्षांची झाली की न्यू टाउनच्या अनाथशाळेत जात, आई जिवंत असतानाही. ज्या स्त्रियांना वंशजच उरले नाहीत त्यांची संख्या मोठी आहे, आणि ‘वारसा’ या शब्दात त्यांना जागा कुठे, हा प्रश्न मला नेहमी पडतो. हेन्री यांनी त्या मेलेल्या बाळांसाठीही टोपडी करून घेतली होती.

अभिमानाला आणखी एक बाजू आहे आणि प्रामाणिक वंशज ती टाळत नाहीत. आयर्लंडमध्ये जमिनीवरून हुसकलेल्या या लोकांना ऑस्ट्रेलियात जी जमीन मिळाली ती दुसऱ्या कोणाची होती. टास्मानियात १८२० च्या दशकात आणि १८३० च्या आरंभी मूलनिवासींविरुद्ध जे युद्ध झाले त्यात ते जवळजवळ नामशेष झाले; उरलेल्यांना जवळच्या एका लहान बेटावर नेऊन ठेवले, आणि त्यांचेही वंशज आज टास्मानियात आहेत, आपली नावे आणि भाषा परत मिळवत आहेत. काही कुटुंबांत तर दोन्ही रक्ते एकत्र आली आहेत. हद्दपार झालेली स्त्री अन्याय सोसणारी होती आणि तिची नातवंडे दुसऱ्याच्या भूमीवर स्थिरावली, या दोन्ही गोष्टी एकाच घराच्या इतिहासात शेजारी-शेजारी असतात.

शेवटी आमच्या वेंटवर्थव्हिलच्या भगिनींसाठी. आपल्या उपनगराचे नाव वेंटवर्थ घराण्यावरून पडले आहे. त्या घराण्याचा मूळपुरुष डार्सी वेंटवर्थ हा उत्तर आयर्लंडमधला डॉक्टर. त्याचा मुलगा विल्यम चार्ल्स वेंटवर्थ याने १८१३ मध्ये दोन साथीदारांसह ब्लू माउंटन्स ओलांडण्याची वाट शोधली, १८२४ मध्ये वृत्तपत्र काढले, आणि सिडनी विद्यापीठाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्याची आई कॅथरिन क्राउली ही कैदी होती. आडनाव आयरिश, शिक्षा इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरची. गुन्हा कपडे चोरल्याचा, मुदत सात वर्षे. १७९० मध्ये ‘नेपच्यून’ जहाजावरून ती आली, त्याच वर्षी तिने विल्यमला जन्म दिला, आणि दहा वर्षांनी पॅरामटा येथे ती वारली. डार्सीशी तिचे लग्न झालेले नव्हते. पुढच्या खेपेला मुलीला घेऊन पॅरामटाला जाल तेव्हा फॅक्टरीच्या भिंती पाहून झाल्यावर सेंट जॉन्सची जुनी दफनभूमीही पाहा. ती तिथून फार लांब नाही.